शरद, साठ दिवस आणि वर्कशॉपमागचं गवत

परीक्षेच्या आदल्या रात्री माणसाला जे जे सुचतं, त्यात अभ्यास सोडून सगळं असतं. २०२४ च्या सप्टेंबरात इन-सेमच्या आदल्या रात्री मला फोटोग्राफी सुचली. रूमपार्टनरचा डीएसएलआर त्याच्या कपाटात धूळ खात पडला होता. मी इंटरनेटवर 'ऑटम फोटोग्राफी' असं टाकलं आणि समोर आली ती लालभडक मेपलची झाडं, पिवळ्या पानांचा सडा आणि मफलर गुंडाळलेली माणसं. खिडकीबाहेर पाहिलं तर कॅम्पस हिरवागार, आभाळ भरलेलं आणि दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलीच.

इथेच पहिला धडा मिळाला. तिकडचा ऑटम म्हणजे पानगळ. आपली पानगळ येते शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच महिन्यांत आपल्याकडे असतो तो शरद, म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस परततो, आकाश धुतलं जातं, गवत फुलतं, मग सोनेरी होऊन वाळतं. आपल्या पूर्वजांनी शंभर वर्षं जगण्याचा आशीर्वाद 'शंभर शरद' असा दिला, तो उगाच नव्हे. पण या ऋतूचे फोटो काढायला मेपलच्या टिप्स चालत नाहीत. त्या आपल्या आपणच शोधाव्या लागतात.

मग मी स्वतःला एक असाइनमेंट दिली. २२ सप्टेंबर ते २० नोव्हेंबर, बरोबर साठ दिवस. जागा एकच: आपल्या वर्कशॉपमागचा गवताचा तुकडा. तोच, जिथे जुन्या लेथचे सांगाडे आहेत आणि जिथे आपण फाइल पूर्ण करायला लपून बसतो. तिथला रोज निदान एक फोटो. त्या साठ दिवसांत जे शिकलो, आणि जे चुकलो, ते या लेखात मांडतो आहे.

सूर्य कुठे आहे?

फोटो म्हणजे प्रकाश, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. पण हा प्रकाश किती अंशातून येतो हे आपण इंजिनिअर लोकांनी तरी काढून पाहायला हवं. सूत्र सोपं आहे. भर दुपारी सूर्याची क्षितिजापासूनची उंची = ९० − अक्षांश + सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या दक्षिणेला असेल तर क्रांती उणे धरायची). पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश.

२२-२३ सप्टेंबरला क्रांती शून्य, म्हणून दुपारची उंची ७१.५ अंश. १५ ऑक्टोबरला सुमारे ६३ अंश. १५ नोव्हेंबरला सुमारे ५३ अंश. म्हणजे एक मीटर उंचीच्या खुंटाची दुपारची सावली सप्टेंबरात जेमतेम ३३ सेंटिमीटर पडते, तर नोव्हेंबरच्या मध्याला तीच ७५ सेंटिमीटर होते. दिवसही लहान होतो. सप्टेंबरच्या शेवटी मावळतीला साडेसहा वाजतात, नोव्हेंबरच्या मध्याला सहाच्या आतच सूर्य बुडतो.

याचा उपयोग काय? सप्टेंबरात अकरा ते तीनच्या दरम्यान काढलेला फोटो सपाट येतो, कारण प्रकाश डोक्यावरून पडतो. नोव्हेंबरात साडेतीनलाच तिरपा, पिवळसर प्रकाश मिळायला लागतो आणि गवताची प्रत्येक काडी सुटी दिसते. शेवटचं लेक्चर संपवून आलात तरी चालतं!

हवेचंही तसंच. पावसाने धूळ खाली बसवलेली असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीचं आकाश खरोखर निळं असतं. हवेच्या रेणूंकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे रॅलेचं सूत्र आपण एफईला पाठ केलं होतं. ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६५० नॅनोमीटरचा लाल घेऊन गणित करा. निळा चार पटींहून जास्त विखुरतो. मात्र पुढे हवेतली धूळ आणि धूर वाढला की त्यांचे कण मोठे असल्याने सगळेच रंग सारखे विखुरतात आणि आकाश पांढुरकं होतं. माझ्या साठ फोटोंमधली आकाशं ओळीने लावली तर हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेव्हा निळं आकाश हवं असेल तर पाऊस उघडल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस दवडू नका.

दवाचा तास

शरदातलं खरं प्रदर्शन सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान भरतं, आणि तिकीट एकच: लवकर उठणं. जमीन ओली, रात्रीचं आकाश मोकळं, वारा पडलेला. गवताचं पातं आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत राहतं, आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं आणि त्याचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की बाष्प त्यावर थेंब होऊन बसतं. ढगाळ रात्री दव का पडत नाही, याचं उत्तरही यातच आहे. ढग ती उष्णता परत पाठवतात.

एक गंमत. पात्याच्या अगदी टोकावर जो एकच टपोरा थेंब असतो, तो पुष्कळदा दव नसतोच. मुळांनी रात्रभर ओढलेलं जास्तीचं पाणी पानाने बाहेर टाकलेलं असतं; जीवशास्त्रवाले त्याला गटेशन म्हणतात. पानभर पसरलेले बारीक थेंब ते दव, टोकाचा टपोरा तो बहुधा झाडाचा स्वतःचा.

थेंबाचा फोटो काढताना सूर्याकडे पाठ करू नका. सूर्य थेंबाच्या मागे, थोडा बाजूला ठेवा आणि त्यामागे एखादी सावलीतली गडद जागा येईल असं बसा. मग थेंब चमकतो. थेंब हे छोटं बहिर्वक्र भिंगच आहे, त्यात मागचं दृश्य उलटं दिसतं. ही प्रतिमा थेंबाच्या किंचित अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. म्हणून थेंबाच्या कडेवर फोकस केला तर आतलं चित्र धूसर येतं. फोकस केसभर अलीकडे आणा. मला हे कळायला चार पहाटा लागल्या आणि दोन्ही गुडघे चिखलात गेले ते वेगळंच.

फवाऱ्याने पाणी मारून खोटं दव तयार करणारे महाभागही असतात. तसं करू नका. त्यात चिटिंगपेक्षा मोठा तोटा म्हणजे खरं दव कधी पडतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

कॅमेऱ्याला काय वाटतं?

कॅमेरा हा प्रामाणिक पण थोडा मठ्ठ विद्यार्थी आहे. समोर काहीही असो, ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. लेडीज होस्टेलच्या वाटेवर सकाळी पारिजातकाचा सडा पडतो, ऑक्टोबरपासून बुचाची लांब दांड्याची पांढरी फुलं पडतात. काळी ओली माती आणि त्यावर चार पांढरी फुलं. फ्रेममध्ये काळं जास्त, म्हणून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो प्रकाश वाढवतो आणि फुलांचे पांढरे ठिपके होतात, पाकळी दिसतच नाही. उपाय: एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा. मोबाइलवर फुलावर बोट दाबून ठेवा, फोकस लॉक होईल, मग उजेडाची खूण खाली ओढा. उलट, पांढुरक्या आकाशासमोरची काडी काढताना एक स्टॉप वाढवा.

उन्हातला एक जुना फिल्मच्या काळातला नियम पाठ करून ठेवा: 'सनी सिक्स्टीन'. लख्ख ऊन, अॅपर्चर एफ/१६, तर शटर १ भागिले आयएसओ. म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. एफ/१६ वरून एफ/८ वर आलात की प्रकाश चौपट, म्हणून शटर १/४००. मीटर बंद पडला तरी फोटो येतो.

शटरचं गणितही करून बघा. वाऱ्यावर गवताचा तुरा सेकंदाला २० सेंटिमीटर हलतो असं धरा. १/५० सेकंदात तो ४ मिलिमीटर सरकतो, फोटो गेला. १/५०० ला तो ०.४ मिलिमीटरच सरकतो, चालेल. चतुराचं काम आणखी अवघड. चतुर म्हणजे आपण लहानपणी ज्याला दोरा बांधायचो तो कीटक (आता बांधू नका). तो सेकंदाला साधारण तीस वेळा पंख मारतो. १/१०० ला पंखाचा नुसता धूर दिसतो. पंखांवरच्या शिरा हव्या असतील तर १/२००० च्या पुढे जा, किंवा सरळ तो काडीवर बसायची वाट पाहा. तो पुनःपुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो, म्हणजे फोकस आधीच लावून ठेवता येतो.

चतुरांमध्ये एक पिवळसर जात ऑक्टोबरात थव्याने दिसते आणि फारशी बसतच नाही: वाँडरिंग ग्लायडर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली निबंध लिहून मांडलं की हे चतुर भारतातून निघून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. वर्कशॉपमागे डोक्यावर घिरट्या घालणारा हा चार-पाच सेंटिमीटरचा प्राणी अशा प्रवासाला निघणाऱ्या जातीतला आहे, हे कळल्यावर त्याचा हललेला फोटोसुद्धा डिलीट करवेना.

कुसळाचं मशीन

ऑक्टोबरअखेर गवतातून चालून आलात की मोजे कुसळांनी भरतात. शिव्या देण्याआधी एक कुसळ हातात घ्या. बी टोकदार असतं आणि त्याला लांब शेपूट असतं. कोरड्या हवेत हे शेपूट पीळ घेतं, ओलं झालं की पीळ उलगडतो. दिवसा कोरडं, रात्री दमट. शेपूट फिरत राहतं आणि बी ड्रिलसारखं मातीत घुसतं. मोटर नाही, बॅटरी नाही, नुसता हवेतला ओलावा!

हा प्रयोग होस्टेलच्या टेबलावर होतो. कुसळ क्लिपमध्ये उभं पकडा, मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा, शेपटावर पाण्याचा थेंब सोडा आणि दर पाच सेकंदांनी एक फोटो काढा. जवळून काढायचं असेल तर बंद पडलेल्या लेझर पॉइंटरमधलं छोटं भिंग काढून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवा. कडा धूसर येतात, पण मधला भाग झकास दिसतो. (लेझर आधी सुटा करा, डोळ्यांशी खेळ नको.)

कोजागरीचा चंद्र

कोजागरीला गच्चीवर दूध आटवताना सगळ्यांनी चंद्राचे फोटो काढले आणि सगळ्यांचा आला तो एक पांढरा ट्यूबलाइटचा ठिपका. कारण तेच. काळं आकाश जास्त, कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे. पण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड! त्याला उन्हाचंच एक्स्पोजर लागतं, जरा जास्त. नियम: एफ/११, शटर १ भागिले आयएसओ.

आणि तो इतका बारीक का येतो? चंद्राचा कोन अर्धा अंश. सेन्सरवरची त्याची प्रतिमा म्हणजे फोकल लेंथ भागिले साधारण ११०. ५० मिलिमीटरच्या लेन्सला अर्धा मिलिमीटरही भरत नाही, ३०० ला पावणेतीन मिलिमीटर. म्हणून मोठ्या लेन्सशिवाय एकट्या चंद्राच्या मागे लागू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. तेव्हा जमिनीवर थोडा उजेड असतो, चंद्र आणि झाड दोन्ही एका फोटोत बसतात. मी वर्कशॉपच्या चिमणीशेजारचा चंद्र तसाच पकडला. पंचविसावा दिवस होता तो. मी खूश होतो.

दिवस सव्विसावा

दुसऱ्या दिवशी सकाळी दवासाठी गेलो तर गवत कापायच्या मशीनचा आवाज. अर्धा तुकडा सपाट झाला होता. माळीकाका डोक्याला टॉवेल गुंडाळून काम करत होते.

"काका, दोन दिवस थांबा ना!"

"अरे बाळा, सोमवारी कमिटी येणारे. साहेब म्हणाले, मागची साइड क्लीन पाहिजे." मग मशीन बंद करून ते स्वतःच म्हणाले, "आत्ता कापायला नको होतं खरं. बी पडलं नाही अजून. पुढल्या पावसात काय उगवणार, सांग?"

मला हे सुचलंच नव्हतं. कुरडू, टाकळा ही झाडं एका वर्षाची. पावसात उगवतात, शरदात फुलतात, बी टाकतात आणि मरतात. बी पडायच्या आत कापलं तर पुढचं वर्ष कोरं. टाकळ्यावर ती छोटी पिवळी ग्रास यलो फुलपाखरं अंडी घालतात, म्हणजे तीही गेली.

मी त्याच दुपारी संबंधित सरांकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे नेमकं काय होतं? कुठे, किती? दाखव." मी मोबाइल पुढे केला. पंचवीस दिवसांत पाचशेच्या आसपास फोटो होते, त्यातले पंचवीस निवडलेले. सर एकेक सरकवत गेले. सुंदर फूल, मागे हिरवा धूसरपणा. सुंदर थेंब, मागे काळोख. सुंदर फुलपाखरू, मागे पुन्हा धूसर. पंचवीसपैकी फक्त दोन फोटोंत तो तुकडा दिसत होता, आणि त्यातल्या एकात मध्ये माझी सायकल होती. सर म्हणाले, "फोटो छान आहेत रे. पण हे कुठलेही असू शकतात."

खरंच होतं ते. मागचं सगळं धूसर करणं म्हणजे चांगला फोटो, असं मी धरून चाललो होतो. मोठं अॅपर्चर लावून, आणि मोबाइलवर पोर्ट्रेट मोड लावून, मी रोज ती जागाच पुसून टाकत होतो. शिवाय एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. अकराव्या दिवशी सिग्नेचर स्पायडरचा फोटो काढताना (जाळ्यात इंग्रजी एक्ससारखी नक्षी विणणारी कोळीण) मागे आडव्या येणाऱ्या तीन काड्या मी उपटल्या. त्यातल्या एका काडीला तिच्या जाळ्याचा दोर बांधलेला होता. जाळं माझ्यासमोर मिटलं. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. फ्रेम साफ करायची म्हणून मी जे केलं आणि कमिटीसाठी मशीनने जे केलं, त्यात फरक फक्त आकाराचा.

उरलेले चौतीस दिवस मी तेच कापलेलं मैदान काढलं. दिवाळीत घरी गेलो ते खाडे सोडून रोज, एकाच जागेवरून, लेथच्या सांगाड्याला कॅमेरा टेकवून. एकदांडी तीन आठवड्यांत पुन्हा फुलली. कुरडू आलं नाही. कुंपणाच्या तारेखाली, जिथे मशीन पोचलं नव्हतं, तिथे मात्र त्याचे गुलाबी-पांढरे तुरे नोव्हेंबरपर्यंत टिकले. २०२५ च्या पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच सांगाड्यावरून फोटो घेतले. कुरडू उगवलं होतं ते त्या तारेच्याच कडेने. दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी छापून सरांकडे नेले. या वेळी त्यांनी 'कुठे' असं विचारलं नाही. कुंपणालगतचा दहा फूट रुंदीचा पट्टा नोव्हेंबरअखेरपर्यंत कापायचा नाही, असं ठरलं. काकांनी काठ्या रोवून सुतळी बांधली. फार मोठं काही नाही. पण बी पडलं.

तुम्हाला करायचं असेल तर

१) जागा एकच निवडा, चालत पाच मिनिटांवरची. कासला जरूर जा, पण कास वर्षातून एकदा होतं. होस्टेलमागचं गवत रोज होतं.

२) रोजचा पहिला फोटो एकाच खुणेवरून, एकाच झूमवर, संपूर्ण जागेचा. अॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट. हा फोटो कंटाळवाणा दिसेल. तोच पुढे सगळ्यात उपयोगी पडेल.

३) मग हवा तेवढा वेळ फूल, थेंब, चतुर यांच्यामागे घालवा. जवळचा एक काढलात की दोन पावलं मागे येऊन त्याचाच एक काढा, आजूबाजूचं दिसेल असा.

४) काही उपटू नका, हलवू नका. आडवी काडी आली तर काडी नाही, आपण सरकायचं.

५) त्याच रात्री दोन ओळी लिहा: काय होतं, कशावर होतं, हवा कशी होती. तारीख-वेळ कॅमेरा लिहितो, बाकीचं तो लिहीत नाही. नाव कळत नसेल तर काकांना विचारा, नाहीतर आयनॅचरलिस्टवर टाका. ती साइट २००८ साली बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या मास्टर्स प्रोजेक्टमधूनच निघाली. आपल्या प्रोजेक्टचं काय होतं ते आपण जाणतोच!

साठ दिवसांनंतर माझी फोटोग्राफी किती सुधारली ते सांगता येणार नाही. केटी मात्र लागली नाही, कारण दवासाठी उठायची सवय अभ्यासालाही लागली. आणि कुरडू, टाकळा, एकदांडी, कुसळ अशी चार नावं माझ्या तोंडी आली. आधी त्या सगळ्याला मी 'गवत' म्हणायचो.

येत्या शरदात आम्ही बीईवाले इथे नसू. लेथच्या सांगाड्यावर कॅमेरा ठेवायच्या जागी मी ऑइलपेंटने एक छोटी पिवळी फुली मारून ठेवली आहे. २२ सप्टेंबरला सकाळी साडेसहाला ज्युनिअर्सपैकी कुणीतरी तिथे हजर राहावं, एवढीच विनंती. सुतळी जागेवर आहे ना, तेही बघा.